मृताच्या नावावरचा व्हिसा

परदेशी राहणाऱ्या माणसाचे दुःख म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काही ठरावीक चित्रे उभी राहतात. नाताळच्या रात्री खोलीत एकटाच बसलेला मुलगा, आईच्या आजारपणाची उशिरा कळलेली बातमी, घरून आलेल्या डब्याचा वास. ही दुःखे खरीच आहेत आणि त्यांवर कथा-कविता लिहिणेही सोपे आहे. परंतु परदेशी राहिलेल्या कोणालाही विश्वासात घेऊन विचारावे, तो आणखी एका दुःखाविषयी बोलेल. ते दुःख कागदाचे आहे. कोणता दाखला कमी पडला, कोणत्या खिडकीवरून कोणत्या खिडकीकडे पाठविले गेले, कोणत्या तारखेला मुदत संपली, हे त्याला वीस वर्षांनंतरही तोंडपाठ असते. या दुःखात काव्य नाही, म्हणून लेखक त्याच्या वाटेस सहसा जात नाहीत. जर्मन लेखिका अ‍ॅना झेगर्स यांनी मात्र व्हिसा हाच एका संपूर्ण कादंबरीचा विषय केला. ‘ट्रान्झिट’ हे त्या कादंबरीचे नाव. आम्ही ती इंग्रजी अनुवादातून वाचली आणि पहिल्या वाचनानंतर काही महिन्यांतच पुन्हा हाती घेतली. दुसऱ्या वाचनास जे कारण घडले, ते ओघात येईलच.

प्रथम लेखिकेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. अ‍ॅना झेगर्स हे टोपणनाव. 1900 साली माइन्त्स शहरी एका यहुदी घराण्यात जन्मलेल्या या बाईंचे मूळ नाव नेटी रायलिंग. लाझ्लो राडवान्यी या हंगेरियन विद्वानाशी विवाह झाल्यावर कागदोपत्री त्या राडवान्यी झाल्या. 1928 साली त्यांनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला आणि 1933 साली हिटलरच्या हाती सत्ता जाताच त्यांना देश सोडावा लागला. पॅरिसमध्ये सात वर्षे काढली न काढली तोच 1940 च्या जूनमध्ये जर्मन फौजा तेथेही येऊन थडकल्या. पती फ्रान्सच्याच एका छावणीत अडकलेले, पदरी दोन मुले. अशा अवस्थेत ही बाई दक्षिणेकडे निघाली आणि शेवटी मार्सेय बंदरात पोहोचली. तेथे मेक्सिकोच्या कॉन्सलकडून त्यांना व्हिसा मिळाला. 1941 च्या मार्चमध्ये पती व मुलांसह त्या ज्या बोटीने निघाल्या, तिच्यावर मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉस आणि कवी आंद्रे ब्रेताँ हेही प्रवासी होते. कादंबरी 1944 साली प्रथम प्रसिद्ध झाली ती इंग्रजी व स्पॅनिश भाषांत. स्वतःच्या जर्मन भाषेत पुस्तकरूपाने येण्यास तिला 1948 साल उजाडावे लागले. पुस्तकालाही आपल्या देशात शिरण्यासाठी वाट पाहावी लागली, असे म्हणावयास हरकत नाही.

कथानक असे आहे. एक तरुण जर्मन कामगार 1937 साली छळछावणीतून पळून, ऱ्हाइन नदी पोहून फ्रान्समध्ये येतो. युद्ध सुरू झाल्यावर फ्रेंच लोक त्याला शत्रुदेशाचा नागरिक म्हणून पुन्हा एका छावणीत डांबतात. तेथूनही तो निसटतो. पॅरिसमध्ये त्याच्याकडे एक किरकोळ काम येते: वायडेल नावाच्या लेखकाला एक पत्र नेऊन द्यावयाचे. हॉटेलात चौकशी करतो तो कळते की जर्मन फौजा शहरात शिरल्या तेव्हाच वायडेलने आत्महत्या केली आहे. मागे राहिली आहे ती एक लहानशी पेटी. पेटीत एक अपुरी कादंबरी, पत्नीचे पत्र आणि मार्सेयच्या मेक्सिकन वकिलातीचे पत्र: व्हिसा व प्रवासखर्च तयार आहे, येऊन घेऊन जावे. आमच्या कथानायकाजवळ तोवर झाइडलर नावाच्या भलत्याच एका निर्वासिताचा दाखला आलेला असतो. पेटी परत करावी एवढ्याच हेतूने तो वकिलातीत जातो. तेथील अधिकारी समजतो की वायडेल हे टोपणनाव आणि झाइडलर हे खरे नाव, म्हणजे हाच तो लेखक. नायक ती समजूत दूर करीत नाही. कादंबरीचे सारे पुढील पाप आणि सारे पुढील पुण्य या एका न उच्चारलेल्या वाक्यातून निघते. नायकाचे स्वतःचे नाव लेखिका आपणांस शेवटपर्यंत सांगत नाही.

येथे त्या काळचा व्यवहार समजून घ्यावयास हवा, कारण त्याशिवाय या पुस्तकातील धाप वाचकास लागणार नाही. 22 जून 1940 रोजी फ्रान्सने जर्मनीशी जो तह केला, त्याच्या एकोणिसाव्या कलमान्वये जर्मन सरकार मागेल त्या जर्मन माणसाला त्याच्या स्वाधीन करण्याचे फ्रान्सने कबूल केले होते. तेव्हा देशत्याग केलेल्या जर्मनांना फ्रान्स सोडणे जिवावरचे झाले आणि मार्सेय हे मोकळ्या भागातील मोठे बंदर. परंतु बोटीवर पाऊल ठेवण्यापूर्वी काय काय हवे? ज्या देशी जावयाचे त्याचा व्हिसा. वाटेत जे देश लागतात त्यांचे ट्रान्झिट व्हिसे. ते मिळण्यासाठी अखेरचा व्हिसा आधी दाखवावा लागे. मग बोटीचे तिकीट. आणि सर्वांवर कडी म्हणजे खुद्द फ्रान्सचा निर्गमन परवाना: ज्या देशाला तुम्ही नको आहात, त्यानेच जाण्याची परवानगी द्यावयाची. प्रत्येक कागदाला मुदत. चौथा कागद हाती येईतो पहिल्याची मुदत संपलेली आणि पुन्हा श्रीगणेशा. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही आपली म्हण. परंतु तेथे सहा महिने थांबण्यासाठीही परवाना लागे आणि तो कोणास मिळे? आपण लवकरच निघून जाणार आहोत असे जो सिद्ध करील त्यास. राहावयाचे असेल तर जाण्याचा पुरावा द्या. लेखिकेने हे काही रचलेले नाही. विचारवंत वाल्टर बेन्यामिन यांच्याजवळ अमेरिकेचा व्हिसा होता. फ्रान्सचा निर्गमन परवाना नव्हता. डोंगर ओलांडून ते स्पेनच्या सरहद्दीवर पोर्तबू गावी पोहोचले, तेथे त्यांना अडविण्यात आले आणि 1940 च्या सप्टेंबरात त्यांनी तेथेच प्राण दिला.

आमची गोष्ट या मानाने अगदीच क्षुल्लक आहे, पण ती सांगितल्यावाचून आमचे मत वाचकांस तोलता येणार नाही. उच्च शिक्षणासाठी आम्ही काही वर्षे युरोपातील एका शहरी होतो. वास्तव्याचा परवाना दरवर्षी नवा करावा लागे. पहाटे काळोखात उठून रांगेत उभे राहावे, दुपारी खिडकीशी पोहोचावे आणि एक छायाचित्र कमी आहे असे ऐकून परत फिरावे. त्यानंतर मिळे ती पावती, परवाना नव्हे. त्या पावतीवर आम्ही महिनोन् महिने काढले. एकदा तर परवाना हाती पडला तेव्हा त्याची मुदत संपावयास तीन आठवडे उरले होते. अंगावर झगा, पाठीशी ख्रिस्तसभेची संस्था, परतावयास स्वतःचा देश आणि तरीही त्या खिडकीसमोर आमच्या तोंडाला कोरड पडे. म्हणून झेगर्स यांच्या पात्रांची बोलणी आम्हांस अतिशयोक्तीची वाटली नाहीत. ही माणसे कॉफीगृहात बसून दुसरे काहीही बोलत नाहीत. कोणत्या देशाचा कॉन्सल सकाळी खुशीत असतो, कोणत्या बोटीवर जागा आहे, कोणाच्या ओळखीने काय जमते. नायकाला या गप्पांचा वीट येतो; काही वेळ वाचकालाही येतो. कादंबरीच्या मध्यभागी हे दळण फार लांबले आहे असा आक्षेप घेता येईल. आमच्या मते तो आक्षेप फिका आहे. ज्याला हे प्रकरण कंटाळवाणे वाटते त्याला ते बरोबर कळले आहे.

त्या गर्दीत काही पात्रे विसरता येत नाहीत. एक वृद्ध संगीतसंचालक आहे. काराकासच्या वाद्यवृंदाचा करार त्याच्या खिशात आहे. कराराची मुदत, व्हिशाची मुदत, परवान्याची मुदत यांचा मेळ तो एखाद्या स्वररचनेसारखा बसवीत असतो आणि अखेर सगळे सूर जुळत आले असताना मरतो. एक बाई दोन धिप्पाड कुत्रे घेऊन हिंडते. ते कुत्रे एका अमेरिकन दांपत्याचे. ते सुखरूप पोहोचविले तर दांपत्य तिच्यासाठी जामीन राहील, म्हणून ती त्यांना जिवापाड जपते. माणसाने कुत्र्यांना नेण्याऐवजी कुत्र्यांनी माणसाला पैलतीरी न्यावे, हा विनोद लेखिकेने एका शब्दानेही अधोरेखित केलेला नाही. आमच्याकडील किती लेखकांना हा मोह आवरला असता?

परंतु पुस्तकाचा खरा कणा आहे तो मृत वायडेल. जिवंत माणसाला जे मिळत नाही ते या मेलेल्याला सर्व मिळते. त्याच्या नावाने व्हिसा निघतो, पैसे निघतात, कचेऱ्यांतून त्याची आदराने चौकशी होते. कागदाला माणूस लागत नाही, नाव लागते. आणि नाव जितके निश्चल तितके ते कागदास सोयीचे. अशा उपहासावर एखादा लेखक थांबला असता. झेगर्स पुढे जातात. स्पेनची वकिलात वायडेलला ट्रान्झिट नाकारते. का, तर यादवी युद्धात बादाहोसच्या बैलझुंजीच्या रिंगणात झालेल्या सामुदायिक हत्याकांडाविषयी त्याने कधीकाळी लिहिले होते. हे ऐकून नायकाला निराशा वाटावयास हवी. त्याऐवजी त्याला एक विलक्षण आनंद होतो. तो मेलेला माणूस अगदीच मेलेला नाही; त्याने लिहिलेल्या चार ओळींची दखल शत्रू अजून घेत आहेत. कचेरीचा एकच नकार आणि तोच त्या दुर्दैवी लेखकाचा पहिला सन्मान. सबंध कादंबरीत आम्हांस हा प्रसंग सर्वांत श्रेष्ठ वाटतो.

एके ठिकाणी एक छोटी दृष्टान्तकथा येते. एक माणूस मरतो आणि परमेश्वराच्या निवाड्याची वाट पाहत बसतो. एक वर्ष जाते, दहा जातात, शंभर जातात. शेवटी तो काकुळतीस येऊन विचारतो की माझा निवाडा केव्हा होणार? तेव्हा त्यास सांगण्यात येते की तू कशाची वाट पाहत आहेस? तू केव्हाचाच नरकात आहेस. सेमिनरीत शिकलेल्या माणसाची मान येथे आपोआप हलू लागते, हे आम्ही मान्य करतो. वाट पाहणे हा नरक नव्हे. आपल्या धर्मशिक्षणात तर वाट पाहण्याच्या जागेला शुद्धिस्थान हे स्वतंत्र नाव आहे आणि तेथील आत्म्यांना आपली सुटका निश्चित ठाऊक असते. परंतु दुसऱ्या वाचनात आमचा विरोध निवळला. लेखिका ईश्वराविषयी बोलतच नाही. शुद्धिस्थानातील प्रतीक्षेला शेवट आहे आणि कचेरीतील प्रतीक्षेला तो असेलच असे नाही, एवढाच भेद तिला दाखवावयाचा आहे आणि तो तिने अचूक दाखविला आहे. एका कम्युनिस्ट बाईने धर्मशास्त्रातील एक सूक्ष्म भेद आम्हांस नव्याने समजावून द्यावा, याची आम्हांस थोडी गंमत वाटली.

याच विषयावरील आणखी एक कृती येथे आठवते. ज्यान कार्लो मेनॉत्ती यांची ‘द कॉन्सल’ ही संगीतिका 1950 साली रंगभूमीवर आली आणि तिला पुलित्झर पारितोषिक लाभले. तिच्यातील माग्दा ही स्त्री वकिलातीच्या बाहेरच्या खोलीत खेटे घालते, सेक्रेटरी तिला अर्जांवर अर्ज देते आणि ज्याच्या नावाने हे सर्व चालते तो कॉन्सल प्रेक्षकांना कधीच भेटत नाही. परिणाम जबरदस्त आहे, यात संशय नाही. तरीही आम्ही झेगर्स यांच्या पारड्यात मत टाकू. न दिसणारा कॉन्सल म्हणजे एक प्रकारची सवलत आहे. यंत्र क्रूर आहे एवढे म्हणून आपण मोकळे होतो. झेगर्स यांच्या कॉन्सलांना चेहरे आहेत. कोणी दमलेला, कोणी शिष्ट, कोणी चलाख डोळ्यांचा. समोरच्या माणसाकडे पाहावे की कागदाकडे, हे प्रत्येकाला दर खेपेस ठरवावे लागते. ज्याला चेहरा आहे त्याच्यावर जबाबदारी येते. त्याच 1940 च्या जूनमध्ये बोर्दो शहरातील पोर्तुगालचे कॉन्सल आरिश्तिदिश द सोझा मेंदिश यांनी आपल्या सरकारचा हुकूम मोडून निर्वासितांना व्हिसे वाटले. हे गृहस्थ श्रद्धावान कॅथलिक आणि मोठ्या कुटुंबाचे पोशिंदे होते. सरकारने त्यांची चौकशी केली, नोकरी गेली आणि 1954 साली ते दारिद्र्यात वारले. पोर्तुगालने त्यांच्यावरील डाग पुसला तो 1988 साली. सोझा हे आडनाव आपल्याकडे घरोघर आहे. या माणसाचे नाव किती घरांत ठाऊक आहे?

आता उणिवांकडे वळू. वायडेलची पत्नी मारी हे पात्र आमच्या मते कच्चे राहिले आहे. ती नवऱ्याला शोधीत शहरभर धावते, कारण प्रत्येक कचेरीत तिला सांगतात की आपले यजमान आत्ताच येऊन गेले. येऊन गेलेला असतो तो आपला नायक. कल्पना विदारक आहे. परंतु मारी स्वतः काय विचार करते, ती ज्या डॉक्टरबरोबर राहते त्याच्याशी तिचे नाते काय, हे धुक्यातच राहते. नायक तिच्यावर प्रेम करू लागतो आणि तुझा नवरा मेला आहे हे वेळेवर सांगत नाही. कादंबरी या मौनाकडे करुणेने पाहते. आम्ही तितक्या करुणेने पाहू शकलो नाही. खोटा कागद वापरणे त्या काळी जीव वाचविणे होते. त्याबद्दल कोणी दगड उचलू नये. परंतु एका पत्नीला तिच्या वैधव्याची वार्ता न देणे ही गोष्ट कोणत्याही वकिलातीने त्याच्यावर लादलेली नव्हती. कागदाची सवय माणसाच्या जिभेत कशी उतरते हे लेखिकेला दिसले आहे, पण नायकाच्या पदरात तिने त्याचे माप पुरते घातलेले नाही.

शेवटाविषयीही मतभेद होऊ शकतो. सर्व कागद हाती आल्यावर नायक तिकीट परत करतो आणि फ्रान्समध्येच, एका शेतावर, पीचच्या बागेत काम करण्यास राहतो. मारीची बोट बुडाल्याची वदंता पहिल्याच पानावर येऊन गेलेली असते. मातीशी, श्रमाशी, ओळखीच्या माणसांशी नाते जोडले की नावाचा प्रश्न मिटतो, असा हा निष्कर्ष. त्यात लेखिकेच्या पक्षनिष्ठेचा आवाज थोडा मोठा ऐकू येतो. शिवाय एक गोष्ट विसरता येत नाही: ज्या बाईने हा राहणारा नायक घडविला ती स्वतः राहिली नाही, बोटीने गेली. यात ढोंग आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांची वृद्ध आई माइन्त्समध्ये मागे राहिली होती. 1942 साली नाझींनी तिला पोलंडमधील पियास्की येथे पाठविले आणि ती परत आली नाही. मुलीच्या हाती कागद आले, आईच्या हाती आले नाहीत. ज्याचे कागद पूर्ण असूनही पाऊल उचलत नाही असा मनुष्य कल्पिण्याची गरज त्या लेखिकेस का वाटली असावी, हे आता वेगळे सांगावयास नको.

2018 साली क्रिस्टियान पेट्झोल्ड या जर्मन दिग्दर्शकाने या कादंबरीवर चित्रपट काढला, तेव्हा 1940 ची वेषभूषा न वापरता सारी कथा आजच्या मार्सेयच्या रस्त्यांवर आणून ठेवली. तसे करण्यास त्याला फारसे काही बदलावे लागले नाही.

दुसऱ्या वाचनाचे कारण सांगावयाचे राहिले. आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आखातात नोकरीस आहेत. पत्नीला तिकडे नेण्यासाठी त्यांना विवाहाचा दाखला हवा होता. तो निबंधकाकडे, तेथून मंत्रालयात, तेथून परराष्ट्र खात्याकडे आणि शेवटी त्या देशाच्या वकिलातीकडे जावयाचा. प्रत्येक शिक्का आधीच्या शिक्क्याची साक्ष देतो. त्या नवरा-बायकोला ओळखणारा या साखळीत एकटा आमचाच शिक्का. आम्ही नोंदवही उघडली तो वधूच्या नावात पासपोर्टापेक्षा एक अक्षर निराळे. जुन्या फादरांनी जसे ऐकले तसे लिहिले होते. आम्ही त्यांस म्हटले, “दुरुस्तीला बिशप हाऊसची परवानगी लागेल, सणाची गडबड आटोपू दे, मग या.” ते म्हणाले, “फादर, माझी रजा अकरा दिवसच उरली आहे.” आम्ही म्हटले, “बघू या.” त्यांची रजा संपली, ते एकटेच परत गेले आणि पत्नीचा व्हिसा निघाला तो पुढल्या वर्षी. परवानगीचे पत्र लिहावयास आम्हांस अर्धा तासही लागला नसता. त्या वेळी ‘ट्रान्झिट’ वाचून आम्हांस चारच महिने झाले होते आणि पुस्तकाच्या समासात ठिकठिकाणी आमच्या संतप्त खुणा होत्या.

गेल्या महिन्यात ते गृहस्थ सहकुटुंब गावी आले तेव्हा भेटावयास आले होते. जुन्या गोष्टीचा विषय आम्हीच काढला. ते नुसते हसले आणि टेबलावरचे पुस्तक चाळू लागले. ती प्रत सध्या त्यांच्याकडे आहे. रजा संपण्यापूर्वी आणून देतो म्हणाले, तेव्हा आम्ही सांगितले की मुदत नाही, बरोबर घेऊन जा.